सरांची कणीक

माझे थोरले साडू लग्नाला निघाले तरी सोबत कणकेचा डबा घेतात. अहेराचं पाकीट एखाद्या वेळी घरी राहील, डबा राहत नाही. मंगल कार्यालयाबाहेर एखादी उंच, दांडगी गाडी उभी दिसली की आत मंगलाष्टकं चालू असताना हे बाहेर थांबतात, गाडीच्या मालकाला गर्दीतून हुडकून काढतात आणि अगदी नम्रपणे विचारतात, "जरा कणीक लावून बघू का?" माणूस काय म्हणावं याचा विचार करतो तोवर यांचा हात चाकावरच्या पत्र्याच्या आत कोपरापर्यंत गेलेला असतो.

साडू लातूरला शिकवणीच्या क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. लातुरात फिजिक्स शिकवणाऱ्याला काय मान असतो ते बाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. सगळं गाव त्यांना सर म्हणतं, सासरचे सगळे म्हणतात, आणि मीही म्हणतो. खरं म्हणजे मी 'साडूभाऊ' म्हणायला हवं. पण ते माझ्या तोंडातून येत नाही, कारण माझं त्यांच्याशी पहिल्यापासून वाकडं आहे. त्यांचं माझ्याशी नव्हतं, निदान मला तसं वाटायचं. लोकांचं एकतर्फी प्रेम असतं, माझा एकतर्फी हेवा होता.

कणकेचं कारण सांगतो. सरांकडे एक जुनी फोर बाय फोर जीप आहे. अशा गाडीची मूळची चाकं काढून बाहेरून घेतलेली चाकं बसवायची हौस पुष्कळांना असते. दुकानात जातात, चाक तोंडाच्या बाजूने बघतात, चकाकतंय ना म्हणतात आणि बसवून घेतात. सर चाक उलटं करून बघतात. बोल्टाची भोकं जुळतात का, मधलं भोक आसाच्या टोकाच्या हबवर घट्ट बसतं का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चाक गाडीच्या किती आत आणि किती बाहेर बसणार. याला ऑफसेट म्हणतात. चाक जास्त बाहेर आलं तर दिसायला झकास, पण स्टीअरिंग पूर्ण वळवलं की टायर पत्र्याला घासतो. जास्त आत गेलं तर आतल्या दांड्यांना घासतो. हे बाहेरून दिसत नाही. म्हणून सर पत्र्याच्या आतल्या बाजूला कणकेचे गोळे चिकटवतात, स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवतात आणि मग गोळा काढून उजेडात धरतात. त्यावर टायरची नक्षी उमटली असेल तर मान हलवतात आणि म्हणतात, "कणीक खोटं बोलत न्हाई."

ही युक्ती मुळात त्यांची नव्हे. माझी बायको वैशाली सांगते, तिच्या अक्काची. अक्का म्हणजे वैशालीची मोठी बहीण, सरांची बायको. लग्नाच्या पहिल्या वर्षी सर जीपखाली आडवे होऊन टॉर्च मारत बसले होते, नक्की कुठं घासतंय ते दिसेना. अक्का पोळ्या लाटता लाटता उठून आली, हातातला गोळा पत्र्याला फासला आणि म्हणाली, "आता फिरवा." तेव्हापासून सरांच्या घरी पोळ्या कमी आणि प्रयोग जास्त.

आता माझ्या हेव्याविषयी. आमच्या सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो आणि सासूबाईंना मामी. मी नांदेडहून, विष्णुपुरीच्या आमच्या कार्यालयातून अर्धी रजा टाकून सासुरवाडीला जावं, तर मामा ओसरीवरून मान उंच करून माझ्या मागं बघायचे आणि विचारायचे, "एकलेच आलात? सर न्हाई आले?" मी बसल्यावर पाण्याचा तांब्या यायचा. सर आले की पितळी तांब्या यायचा. मामी सरांच्या ताटात भाकरी टाकताना विचारत नसत. मला विचारायच्या, "आनि पाहिजे का?" असं विचारल्यावर कोण हो म्हणेल? मी वर्षानुवर्षं अर्धपोटी उठलो आहे.

पण खरा जळफळाट व्हायचा तो येळवशीला. मार्गशीर्ष अमावस्येला आमच्या भागात सगळी गावं शेतात जेवायला जातात. कडब्याची कोप म्हणजे खोपटी करतात, पाच दगड चुन्यानं रंगवून पांडव म्हणून मांडतात, आणि जेवायला शेंगा-पाल्याची भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडक्यातली ताकाची आंबील. त्या दिवशी लातुरात चहासुद्धा मिळत नाही. मामांचं शेत जळकोटच्या अलीकडं, ओढ्याच्या पलीकडं. ओढ्यात उतरायला काळ्या मातीची वाट, आणि उतारावरच एक असं वळण, की बैलगाडीवालासुद्धा तिथं खाली उतरतो. साधी गाडी अलीकडंच राहते. म्हणून मामा, मामी, आंबिलीचं मडकं आणि सगळा गोतावळा सरांच्या जीपमधून जायचा. अक्का पुढच्या सीटवर मडकं मांडीत घेऊन बसायची. मी माझी छोटी गाडी बाभळीखाली लावून, विजार वर खोचून, चपला हातात घेऊन मागून चालत यायचो. एक जावई जीपमध्ये आणि एक जावई चिखलात, असा तो देखावा होता.

काही वर्षांपूर्वी अक्का थोड्याशा आजाराचं निमित्त होऊन गेली. मूलबाळ नव्हतं. बायको गेलेल्या माणसाचा हेवा करू नये हे मला कळतं, पण हेव्याला ते कुठं कळतं? पुढच्या येळवशीलाही मामांनी सरांना फोन केला, "जीप घेऊन या." सर आले, पुढच्या सीटवर मडकं एकटंच ठेवलं, पट्ट्यानं बांधलं आणि सगळ्यांना ओढ्यापार नेलं. मी नेहमीप्रमाणे मागून चालत आलो.

त्यानंतर सरांचं चाकांचं वेड फार वाढलं. आधी वर्षानुवर्षं तीच चाकं असायची. आता सुट्टी मिळाली की सर नांदेडला हजर. देगलूर नाक्याला हमीदभाईंचं चाकांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. सर तिथं सकाळी जायचे आणि परीक्षेतल्या प्रश्नासारखी चार चाकं ओळीनं मांडायला लावायचे. मग उलटी करून एकेक बाद करायचे. "ह्यो पर्याय गेला. ह्योबी गेला. ह्यो दिसायला बरोबर हाय, पर उत्तर चूक." शेवटी चौथंही जायचं.

हमीदभाई थकून म्हणायचे, "सर, तुम्ही चाक घेऊन राहिले का सोयरीक करून राहिले? सोयरीक बी इतक्यात जमून जाते."

एकदा मी तिथं सापडलो. सरांनी एक चाक बसवून बघायचं कबूल केलं होतं आणि पत्र्याला कणीकही लावली होती. पण गाडी हलवेनात. म्हणाले, "रिकाम्या गाडीचा निकाल धरायचा न्हाई. वजन पाहिजे. बसा सगळे." दुकानातली गिऱ्हाइकं, शेजारचा चहावाला, सगळ्यांना जीपमध्ये बसवलं. नुसतं बसवलं नाही, जागा ठरवून दिल्या.

"तुम्ही मामांच्या जागी बसा," मला म्हणाले. "हमीदभाई, तुम्ही मामी."

"मै मामी?" हमीदभाई म्हणाले, पण बसले.

पुढची सीट मोकळी होती. तिथं चहावाला बसायला गेला तर सरांनी त्याला उठवलं आणि पाण्यानं भरलेला एक कॅन आणून ठेवला. "हितं आंबील," म्हणाले. मग आम्हा सगळ्यांना घेऊन त्यांनी दुकानासमोर डावीकडं वळण, उजवीकडं वळण, एक चाक फुटपाथवर चढवून पुन्हा वळण, असा सगळा पाठ घेतला. उतरून कणीक बघितली. नक्षी उमटली होती. "ह्ये न्हाई जमत." हमीदभाईंनी कपाळाला हात लावला. शेवटी बऱ्याच महिन्यांनी सरांना एक संच पसंत पडला, तो काळ्या साध्या लोखंडी, अरुंद चाकांचा. रिक्षालासुद्धा लाज वाटावी असली चाकं. म्हणे रुंद टायर काळ्या चिखलावर तरंगतो आणि अंगाला चिखल लावून घेतो, अरुंद टायर चिखल कापून खाली कडक जमिनीला जाऊन टेकतो. शिवाय गाडी फार उंच होत नाही, मामींना चढताना गुडघा वर घ्यावा लागत नाही. मला तेव्हा वाटलं, हा माणूस सासऱ्यांच्या नजरेत राहायला काय काय करील.

मग मी ठरवलं. धर्माबादच्या एका मिरची व्यापाऱ्याची वापरलेली फोर बाय फोर गाडी मी घेतली. वैशाली म्हणाली, "आपल्याला कशाला?" मी म्हणालो, "येळवशीला." ती माझ्याकडं बघत राहिली आणि गप्प बसली. वीस वर्षांच्या संसारात बायको गप्प बसते तेव्हा तिला सगळं कळलेलं असतं.

गाडीला मी चाकं घेतली ती हमीदभाईंकडून नव्हे, कारण ते सरांचे. दुसरीकडून घेतली. रुंद, चकाकणारी, पत्र्याच्या बाहेर चांगली डोकावणारी. दुकानदारानं सांगितलं की हीच चालतात. गाडी रिकामी असताना मी स्टीअरिंग दोन्हीकडं फिरवून बघितलं, कुठं काही आवाज नाही. कार्यालयातल्या दोस्तांना घेऊन इस्लापूरला सहस्रकुंडाचा धबधबा बघून आलो आणि गाडीचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकले. सगळ्यांनी अंगठे दिले. सरांनी खाली लिहिलं, "चाकाचा मागून काढलेला फोटो टाका."

येळवस जवळ आली तसा मी मामांना फोन केला. गाडीचं सांगितलं. मामा म्हणाले, "ब्येस झालं की. मग आता लातुरास्नं सरांस्नी जीप आनायचा तरास कशाला. तुमच्याच गाडीत बसू." त्या दिवशी मला जो आनंद झाला तो मुलगा दहावीला पास झाला तेव्हाही झाला नव्हता. हे सांगायला मला लाज वाटत नाही. मी लगेच सरांना फोन लावला. अगदी गोड आवाजात म्हणालो, "सर, तुम्ही या सावकाश. मामा-मामींना या वर्षी मी नेतो."

सर म्हणाले, "हाव. बरं." आणि मग, "वजन टाकून बघितलं का?"

पुढच्या रविवारी ते आमच्या दारात उभे. हातात स्टीलचा डबा. गाडीभोवती एक चक्कर मारली, वाकून चाकामागं बघितलं, सरळ झाले आणि डब्याचं झाकण काढलं. कणीक सैल झाली होती, हाताला चिकटत होती. अक्का घट्ट मळायची. "जरा लावून बघू का?" सर म्हणाले.

मी म्हणालो, "राहू द्या सर. मी बघितलंय सगळं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. झाकण लावलं. चहा घेतला आणि गेले.

येळवशीच्या आधीचे दोन दिवस अवेळी पाऊस झाला. वाट काळी तुकतुकीत झाली होती. माझ्या गाडीत पुढं मामा, मागं मामी मांडीत आंबिलीचं मडकं घेऊन, शेजारी वैशाली, तिची चुलती, उंड्यांच्या दुरड्या, भज्जीचं पातेलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या ओढ्याकडं चालत न जाता बसून चाललो होतो. मागून सरांची जीप येत होती, रिकामी. आरशात मला ती दिसत होती आणि मला फार बरं वाटत होतं.

उतार लागला. वळण आलं. मी स्टीअरिंग पूर्ण वळवलं आणि पुढच्या चाकातून खर्रर्र असा आवाज आला. वजनानं गाडी खाली दबली होती आणि बाहेर आलेला टायर पत्र्याला घासत होता. मी आणखी जोर लावला. टायरनं उचललेला चिखल पत्र्यात जाऊन दाटला, चाक वळेना, सरळ ओढ्याच्या दरडीकडं निघालो. मी ब्रेक मारला. मामींच्या मांडीतलं मडकं हिंदकळलं आणि आंबील उडाली ती थेट पुढं मामांच्या मानेवर.

मामांनी मान पुसली. मग म्हणाले, "जावईबापू, उतरायचं का हितंच?"

आता सर हसतील, मी मनात म्हणालो. निदान डबा तरी दाखवतील. सर चिखलातून आले, वाकले, पत्र्यातला चिखल हातानं खरवडून काढला. मामींच्या हातातलं मडकं घेतलं. "मामी, हळू. तिकडं बसा, नेहमीच्या जागी." मडकं जीपच्या पुढच्या सीटवर ठेवलं आणि पट्टा बांधला. सगळे जीपमध्ये गेले. ती अरुंद, कळकट चाकं चिखल कापत त्या वळणावरून अशी गेली, की मडक्यात काही आहे हे बघणाऱ्याला कळलंही नसतं. माझी गाडी वाटेच्या कडेला दरडीशी अडकलेली, आणि मी विजार वर खोचून, चपला हातात घेऊन मागून चालत निघालो.

जेवणं झाली. मामींनी सरांच्या ताटात न विचारता भज्जी वाढली, मला विचारलं. मी नको म्हणालो. मग सगळे कोपीत आडवे झाल्यावर सर आणि मी माझी गाडी मोकळी करायला ओढ्यावर गेलो. सर चाकाशी बसून काटकीनं चिखल काढत होते. माझ्यानं राहवलं नाही.

"सर, तुम्हाला माहीत होतं ना, घासणार म्हणून?"

"हाव."

"कधीपासून?"

"त्या रविवारीच. तुमचं चाक दोन बोटं बाहेर हाय. उभ्या गाडीवरच दिसलं."

"मग सांगितलं का नाही?"

सरांनी काटकी बाजूला ठेवली. "सांगायलाच आलतो की. डबा घेऊन आलतो. तुम्ही नको म्हणले. खोटं कशाला बोलू? परत जाताना मला लई बरं वाटलं. म्हणलं, घासू दे."

एवढी वर्षं मी ज्या भाषेत विचार करत होतो ती सरांच्या तोंडून ऐकायची मला सवय नव्हती.

"तुमची अक्का गेली तवा मला वाटलं, आता कोन बोलवतंय," सर म्हणाले. "पोरगीच न्हाई ऱ्हायली, तर जावई कशाचा? मंग त्या वर्षी मामांचा फोन आला. जीप घेऊन या, म्हणले. मी म्हणलं, ठीक. मी नको आसंन त्यांना, पर जीप तर पाहिजे. तवा जीप आशी ठेवायची, की तिच्याबिगर ओढा वलांडताच येऊ नये. चाकं बघायचो ते त्याच्यापायी. आन तुम्ही गाडी घेतली." ते जरासे हसले. "लई जळलो हो मी. रात्रीचं जेवन गेलं न्हाई."

माझ्यावर कुणी जळावं असं माझ्याजवळ कधी काही नव्हतं, आणि जळलं ते कोण, तर सर.

"तरी सांगून ठेवतो," सर पुन्हा चिखलाकडं वळले. "दोन बोटं आत बसणारी घ्या, आन रुंदी कमी करा. हमीदभाईकडं हायेत तसली, मी बघून ठेवलीत. तुमच्या गाडीला बरोबर बसत्यात. पुढल्या सालापासून तुम्हीच न्या मामांना. कणीक लावून मी बघतो, म्हंजे गडबड व्हायची न्हाई."

एवढं सांगताना त्यांनी वर बघितलं नाही. चाक स्वच्छ झालं होतं तरी ते पुसत राहिले.

निघताना मामींनी सरांना उंड्यांचा डबा दिला, आणि वर फडक्यात बांधलेला एक गोळा. "घट मळलीया," म्हणाल्या. "तुमची चिकटती." सरांनी तो गोळा मडक्याच्या जागी, पुढच्या सीटवर ठेवला.

या गोष्टीला आता बरेच दिवस झाले. हमीदभाईंचे मला दोनदा फोन येऊन गेले, सरांनी बघून ठेवलेली चाकं अजून बाजूला ठेवली आहेत म्हणून. मी म्हणालो, विकून टाका. वैशाली प्रत्येक वळणावर दात आवळते. भाजी मंडईच्या कोपऱ्यावर मी वळलो की लोक आवाजाकडं मान वळवून बघतात. गॅरेजवाला म्हणतो, साहेब, एवढी महागाची गाडी आणि चाकं असली, चार नट फिरवायचं काम आहे. मी म्हणतो, राहू दे, घासू दे.

सरांबद्दलचा माझा हेवा गेला असं मात्र कुणी समजू नये. मामी अजूनही त्यांना न विचारता वाढतात आणि ते मला अजूनही सहन होत नाही.

परवा सरांचा फोन आला. इकडचं तिकडचं झालं आणि मग त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "चाकं बदलली का?"

"नाही सर," मी म्हणालो. "जमलंच नाही. या वर्षीही मामांना तुम्हालाच न्यावं लागणार."

"हाव का?" सर म्हणाले. "बरं. मग येतो रविवारी तुमच्याकडं. जरा कणीक लावून बघू."